स्टुलावर बसवून मोजलेली नाडी

माझा दवाखाना ग्वाल्हेरला, लश्कर नावाच्या भागात, दौलतगंजकडून बाड्याकडे, म्हणजे बाजाराच्या चौकाकडे, जाणाऱ्या एका गल्लीत. पेशंटला बसायला एक लोखंडी स्टूल आहे, फिरकीचं, वडिलांच्या वेळचं. त्यावर बसवायचं, मनगट धरायचं, बीपीचा पट्टा गुंडाळायचा, आकडे कार्डावर लिहायचे. तीस वर्षं हेच चाललंय. पॉट्स नावाचा, माणूस उभा राहिल्यावरच दिसणारा एक आजार कित्येक महिने कसा हुकला, त्याचं हे प्रकरण. त्यातला पहिला आरोपी ते स्टूल आहे, आणि दुसरा मी.

पेशंट निदानाच्या वेळी १९ वर्षांची. शास्त्रीय गायन शिकणारी मुलगी. घर चार पिढ्या लश्करातलं. आजी-आजोबा, आईवडील, धाकटा भाऊ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं आहे. तिची अट एकच होती, "काका, आकडे मात्र बदलू नका."

ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला तिला ताप आला. पावसाळा सरला की आमच्याकडे घरोघरी येतो तसाच. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट ठीक, आठ दिवस अंथरूण, मग ताप गेला. पण मुलगी काही पूर्वीसारखी उठली नाही. दिवाळीत अंगणात बसून तासभर रांगोळी काढली, उभी राहिली आणि भिंत धरली. अशक्तपणा आहे, जाईल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तोपर्यंत त्यात काही चूकही नव्हतं.

डिसेंबरात ती माझ्याकडे आली. जूनपर्यंत पाच वेळा आली. ते कार्ड आत्ता समोर आहे. डिसेंबर: थकवा, चक्कर, नाडी ८६, बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ११.४, लोहाच्या गोळ्या. फेब्रुवारी: तक्रार तीच, थायरॉइड नॉर्मल, बी-१२ कमी, इंजेक्शनं. मार्च: छातीत धडधड, इसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल. एप्रिल: होल्टर, म्हणजे छातीला पट्ट्या चिकटवून चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारं यंत्र. तोही रिपोर्ट चांगला आला. पुढे कधीतरी कळलं की हृदयाची तपासणी चालली आहे म्हणून आईने तिला त्या दिवशी पलंगावरून खाली उतरूच दिलं नव्हतं. जेवणाचं ताटसुद्धा पलंगावर. ज्या हृदयाची तक्रार उभं राहिल्यावरची, त्याला आम्ही चोवीस तास आडवं ठेवून तपासलं.

हिमोग्लोबिन सुधारलं, बी-१२ सुधारलं, मुलगी होती तिथेच. जूनच्या नोंदीत मी एकच शब्द लिहिला आहे, अँक्झायटी. पुढे चिंता कमी करणाऱ्या गोळीचं नाव.

हा शब्द कुठून आला ते सांगायला हवं, कारण माझ्या मते अर्धं प्रकरण तिथेच आहे. ती दर वेळी म्हणायची, "काका, घबराट होते." आमच्या इथल्या मराठीत हिंदी अशी मुरलेली आहे की कुठला शब्द कुणाचा ते सांगता येत नाही. तिची आजी तीच गोष्ट "पोरीचा जीव घाबरा होतो" अशी सांगायची. आता जीव घाबरा होणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. उन्हातून आल्यावर होतो, गर्दीत कोंडल्यावर होतो, रिकाम्या पोटी चहा घेतल्यावर होतो. त्यात भीती असेलच असं नाही. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कुठेतरी बसावंसं वाटतं. या सगळ्याला मिळून आपल्याकडे ते दोन शब्द आहेत. मी वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत घेतलं, आणि कानावर पडलेल्या "घबराट"चं कार्डावर उतरेपर्यंत भाषांतर झालं. एकोणीस वर्षांची मुलगी, घबराट, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पुढचा शब्द हात आपोआप लिहितो.

निदान झाल्यावर मी तिला विचारलं, "तुला तेव्हा भीती कशाची वाटायची?" ती म्हणाली, "भीती कसली? मी गॅसपाशी पोहे परतत असायचे आणि व्हायचं." हा प्रश्न मी डिसेंबरात विचारला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

घरात तोवर वेगळाच निकाल लागला होता. ही मुलगी तानपुरा घेऊन रियाजाला बसली की दीड-दीड तास गात असे. ख्याल, तराणा, सगळं. आवाज जरासुद्धा कापत नसे. आणि कॉलेजात सरस्वती-वंदनेला पाच मिनिटं उभं राहायचं म्हटलं की हिचे पाय लटपटणार. स्वयंपाकघरात भाकरी थापताना दोनदा बाहेर येऊन बसणार. आंघोळीला उभी राहत नाही, पाटावर बसते. बाड्यावर खरेदीला नेली तर दुकानाच्या पायरीवर बसकण मारते. आईने माझ्यासमोर हिशेब मांडला होता, "डॉक्टरसाहेब, गायला बसली की ठणठणीत आणि कामाला उभी राहिली की आडवी. आता तुम्हीच सांगा." मी हसलो होतो. खरं तर आईने त्या वाक्यात आजाराची व्याख्या सांगून टाकली होती. ती व्याख्या आम्ही दोघांनी मुलीच्या विरुद्धचा पुरावा म्हणून वाचली.

१८ सप्टेंबर २०२३ ला हरतालिका होती. मुलीने निर्जळी उपास केला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. त्यांच्याकडे गणपती पाच दिवसांचा आणि आमचा घरोबा जुना, त्यामुळे मी आरतीला होतो. आरत्या म्हणजे गणपतीची, शंकराची, देवीची, विठोबाची, मग दत्ताची, मग आजोबांच्या आवडीच्या दोन, आणि शेवटी मंत्रपुष्प. सगळे उभे. मुलगी दाराच्या चौकटीपाशी टाळ घेऊन उभी होती.

दुसऱ्या आरतीला ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली. तिसरीला टाळ थांबले. माझी नजर सहज खाली गेली तर तिची पावलं जांभळट लाल झाली होती. फरशीवर अनवाणी उभे तर सगळेच होतो, पण असा रंग दुसऱ्या कुणाच्या पावलांना नव्हता. चौथीच्या मध्यावर चेहरा पांढराफटक पडला, चौकटीवरचा हात घसरायला लागला, मी पुढे होऊन धरलं. मनगट हातात आलं म्हणून सवयीने मोजली. पंधरा सेकंदांत ३३ ठोके, म्हणजे मिनिटाला १३२. जाजमावर आडवी केली, पाय लोडावर ठेवले. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजली, पंधरा सेकंदांत २१.

मंत्रपुष्प होईस्तोवर ती उठून बसली होती. कुणी नातेवाईक बाई म्हणाल्या, "बघा, मोदक म्हटल्यावर झाली बरी." मी हातातले अक्षतांचे दाणे तसेच धरून बसलो होतो. १३२ वरून ८४. भीती अशी दोन मिनिटांत, आडवं झाल्याबरोबर उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात बोलावलं. सकाळीच, कारण हा फरक सकाळी जास्त दिसतो. स्टूल बाजूला सारलं. आतल्या खोलीतल्या पलंगावर दहा मिनिटं निवांत झोपवलं. बोलायचं नाही, मोबाइल नाही. नाडी ७२, बीपी ११२/७२. मग उभं केलं. भिंतीला पाठ हलकी टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाय न हलवता. आईला शेजारी उभं केलं, मागे खुर्ची ठेवली, कारण या तपासणीत माणूस पडू शकतो. पहिल्या मिनिटाला १०२. तिसऱ्याला ११२. पाचव्याला ११८, आणि तिने सांगितलं की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतंय. सातव्याला १२२. दहाव्याला १२४, बीपी ११०/८०. पावलं पुन्हा तशीच जांभळी. झोपवलं, तीन मिनिटांत ७८.

ही सगळी तपासणी. लागलं काय, तर एक पलंग, एक घड्याळ, एक बीपीचं यंत्र आणि वीस मिनिटं. त्याआधी त्या घराचे तपासण्यांवर किती हजार गेले होते ते मी इथे लिहीत नाही.

नियम असा आहे. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी किमान ३० ठोक्यांनी वाढली आणि वाढलेली राहिली. वय १२ ते १९ असेल तर ३० ऐवजी ४०, कारण त्या वयात थोडी जास्त वाढते. बीपी मात्र पडलेलं नाही, म्हणजे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरलेला नाही. त्रास तीन महिन्यांहून जुना आहे. आणि रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पडणं, एखादं औषध असं दुसरं कारण सापडत नाही. हिची वाढ ५२, त्रास अकरा महिन्यांचा. नाव लांबलचक आहे, पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. सगळे पॉट्स म्हणतात. घरी भांड्यांवरून विनोद झालेच.

हा स्वायत्त मज्जासंस्थेचा विकार आहे. नाडी, बीपी, घाम, पचन, बुबुळाचं आकुंचन ही जी कामं आपल्याला न विचारता चालतात ती तिच्याकडे. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी केंद्रं असतात, ती लगेच खबर देतात, खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं. निरोगी माणसाची नाडी यात दहा-वीस ठोक्यांनी वाढते आणि त्याला पत्ताही नसतो. पॉट्समध्ये हे आवळणं पुरेसं होत नाही, किंवा अंगात मुळात रक्ताचं आकारमानच कमी असतं, किंवा ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं गरजेपेक्षा जास्त सुटतात; बऱ्याच जणांत यातलं थोडं थोडं सगळंच असतं. मग डोक्याला रक्त पोचवायला हृदय धावत सुटतं.

घरच्यांना मी वाड्यातल्या मोटारीवरून सांगितलं. तिघरा धरणाचं पाणी खालच्या नळाला येतं, वरच्या मजल्यावर चढत नाही. पाइप कुठेतरी ढिला आहे म्हणून वर पाणी नाही, म्हणून मोटार घरघरत राहते. आपण वर्षभर मोटार उघडून बघत होतो आणि मोटार उत्तम आहे असा रिपोर्ट घेऊन येत होतो. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे एका फटक्यात कळलं, इतकं की पुढे आल्यागेल्याला तेच समजावून सांगायला लागले.

आजार नवा आहे का, असं वडिलांनी विचारलं. नाव नवं आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये शोंडॉर्फ आणि लो यांनी १९९३ साली ते रूढ केलं. पण जेकब दा कॉस्टा या डॉक्टरने १८७१ मध्येच तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलं होतं. ताप किंवा जुलाबाच्या आजारातून उठलेले, कवायतीला उभे राहिले की छाती धडधडणारे, हृदय तपासलं तर धड असलेले. पहिल्या महायुद्धात असे सैनिक पुन्हा दिसले, पुन्हा वेगळं नाव पडलं. मला यातली एक गोष्ट टोचते. सैनिकांना होता तेव्हा त्याला सैनिकाचं हृदय असं भारदस्त नाव मिळालं. आज पॉट्सचे बहुसंख्य पेशंट तरुण स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या कार्डावर माझ्यासारखे लोक अँक्झायटी लिहितात. सुरुवात बहुधा विषाणूच्या तापानंतर, कधी बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, वयात येताना. कोविडनंतर तर बऱ्याच जणांत दिसला. अमेरिकेच्या निदानांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे ही मुलगी तापाने पडली त्याच महिन्यात.

निदान नक्की करण्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या संप्रेरकाची तपासणी, करून घेतलं, हिमोग्लोबिन पुन्हा बघितलं, एका हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आकड्यांचा कागद बघून मान डोलावली. चिंतेची गोळी हळूहळू कमी करून बंद केली. आजारामुळे मनाला त्रास होत नाही असं मला म्हणायचं नाही. वर्षभर कुणी खोटं ठरवलं तर कुणालाही होईल.

आता उपचार, आणि इथे स्वयंपाकघर आलं. आजोबांना बीपी. त्यामुळे घरात पाच वर्षांपासून सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा, पापड-लोणची बंद. आणि ही मुलगी, जिच्या अंगात पाणी टिकवायला मीठ हवं होतं, ती ग्वाल्हेरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात अळणी आमटी जेवत होती. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पॉट्सच्या पेशंटला, बीपी आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर, ८ ते १० ग्रॅम आणि वेळेला त्याहून जास्तही सांगतात. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी दोन मोठे पेले पाणी, घटाघटा. आजीने तिच्या ताटात डाव्या बाजूला मिठाची वाटी वेगळी मांडायला सुरुवात केली आणि दुपारच्या ताकात चमचा मोजून. आजोबांनी त्या ताकाकडे बघायचंसुद्धा नाही असा दंडक.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या, चार-पाच इंच उंची होईल इतपत. पुरणपोळीचं भरगच्च जेवण बंद, कारण जड जेवणानंतर रक्त पोटाकडे धावतं आणि त्रास वाढतो. त्याऐवजी थोडं थोडं पाच वेळा. दाबाचे मोजे कमरेपर्यंतचे हवेत, नुसते पोटरीपर्यंतचे फारसं काही करत नाहीत, कारण बरंचसं रक्त पोटात आणि मांड्यांत साचतं. पण मे महिन्यात कमरेपर्यंतचे घट्ट मोजे घालून दाखवा. तिने दोन दिवस घातले आणि कपाटात टाकले. मग आजीच म्हणाली, "अरे, बाळंतिणीचं पोट बांधतो तसं बांधलं तर?" मी आजीकडे बघतच राहिलो. पोटाचा दाब हा या आजारात खरोखरच उपयोगी पडतो. मेडिकलमधून पोटाचा पट्टा आणला, तो ती अजून बाहेर जाताना बांधते.

व्यायाम सगळ्यात कठीण गेला. "चालायला जात जा" हा सल्ला मी आधी दोनदा दिला होता, आणि दोन्ही वेळा ती चालून आल्यावर दोन दिवस पडून होती. इथे सुरुवात आडव्याने करायची असते. पाठीवर झोपून सायकलसारखे पाय, कंबर उचलणं, पोटऱ्या-मांड्यांचे व्यायाम, पाच मिनिटांपासून. तीन महिने उभ्याने काही नाही. चौथ्या महिन्यात गल्लीच्या टोकापर्यंत. पायांचे स्नायू घट्ट झाले की तेच रक्त वर ढकलायला मदत करतात. मांडी घालून गाताना तिला त्रास का होत नसे त्याचंही बरंचसं उत्तर यात आहे: पाय दुमडलेले, दाबलेले, रक्त साचायला जागाच कमी. जोडीला हृदयरोगतज्ज्ञांनी प्रोप्रानोलॉल या नाडी मंदावणाऱ्या औषधाची अगदी लहान मात्रा दिली. तिला दमा नाही, म्हणून ते देता आलं.

हरतालिकेचं काय, हा प्रश्न घरात आठ दिवस चालला. निकाल आजीने दिला, "पाणी प्यायलीस म्हणून पार्वतीबाई रागावणार नाहीत. रागावल्या तर माझं नाव सांग."

आईची अडचण वेगळी होती. "नाव कुठे बोलू नका. उद्या स्थळं बघायची आहेत." मी वाद घातला नाही. पण मुलीनेच सहा महिन्यांनी विषय काढला. कॉलेजातल्या एका मुलीला प्रार्थनेच्या वेळी चक्कर येते आणि सगळे तिला नौटंकी म्हणतात, काका, तुम्ही काहीतरी बोला ना. जगात ऑक्टोबर हा स्वायत्त मज्जासंस्थेच्या विकारांबद्दल जागृतीचा महिना मानतात, निळसर हिरव्या रंगाच्या फिती वगैरे लावतात. लश्करात फीत लावून कोण विचारणार? मी २०२४ च्या गणेशोत्सवात ओळखीच्या मंडळात बोलायचं ठरवलं. फळ्यावर विषय लिहिला, "स्वायत्त मज्जासंस्थेचे विकार". श्रोते नऊ, त्यांतले तीन पुढच्या भजनासाठी जागा धरून बसलेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा वेळ मागून घेतली आणि फळ्यावर लिहिलं, "आरतीत चक्कर का येते?" हॉल भरला.

त्या दिवशी मी उत्साहात एक घोडचूक केली. मुलीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मिठाचं ताक, लिंबू-मिठाचं पाणी, सगळं रंगवून सांगितलं. बीपीवाल्यांनी हे करू नये असंही म्हणालो, पण शेवटी, एका वाक्यात, लोक चपला शोधायला लागल्यावर. दहा दिवसांनी एक सत्तरीचे गृहस्थ दवाखान्यात आले. डोकं दुखतंय म्हणाले. बीपी १८०/१००. सकाळ-संध्याकाळ मीठ घातलेलं लिंबूपाणी चालू होतं. "तुम्हीच सांगितलंत की चक्कर येत असेल तर मीठ घ्या." त्यांना चक्कर येत होती हे खरं. उभं करून मोजलं तर नाडी जेमतेम सहा-सात ठोके वाढली आणि वरचं बीपी ३० ने पडलं. म्हणजे गोष्ट बरोबर उलटी: बसल्या जागी बीपी जास्त, उभं राहिल्यावर घसरणारं. प्रोस्टेटसाठी रात्री घेत असलेली गोळी त्याला कारण होती. ती बदलून घेतली, मीठ बंद केलं, आणि त्यांनी मला माफ केलं असं मी धरून चाललो आहे.

तेव्हापासून मी मिठाचं नावच काढत नाही. कुठेही बोलायला बोलावलं तर एवढंच सांगतो: उभं राहिल्यावर त्रास आणि आडवं झाल्यावर आराम असेल तर डॉक्टरला म्हणा, मला उभं करून मोजा. झोपून एकदा, मग उभ्याने दहा मिनिटं. कोविडच्या वेळचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहे, तो नाडीही दाखवतो. त्याच्यावर आकडे लिहून आणलेत तर डॉक्टरांचा वेळ वाचेल. बोटं गार असतील तर तो चुकतो, तेव्हा आधी हात चोळा. शेजारी माणूस आणि मागे खुर्ची हवीच. काय खायचं, काय प्यायचं ते मात्र आकडे बघितल्यावर, तिथेच.

कॉलेजातल्या त्या दुसऱ्या मुलीलाही आणलं होतं. तिला पॉट्स नव्हता. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. प्रार्थनेत चक्कर येणाऱ्या मुली आपल्याकडे बहुतेक वेळा अशाच निघतात, हेही लिहून ठेवायला हवं.

आणि आपली पेशंट? बरी आहे, पण "बरी झाली" म्हणता येणार नाही. हिवाळा छान जातो, जून वाईट जातो, पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस वाईट जातात. डोक्यात कापूस भरल्यासारखं अजून होतं, तेव्हा बंदिशीचे शब्द आठवत नाहीत आणि ती नुसत्या आकारात गाते. कार्यक्रमात गाणं बसूनच असतं, सत्कार मात्र उभ्याने. त्यासाठी ती आयोजकांना आधी सांगून ठेवते, आणि आईही आता अडवत नाही.

२०२५ च्या गणपतीत चतुर्थीला मी गेलो तेव्हा चौकटीपाशी प्लास्टिकची खुर्ची होती. ती शंकराच्या आरतीपर्यंत उभी राहिली, मग बसली, टाळ चालूच. आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि दुसरी खुर्ची ओढून तेही बसले.

दोन दिवसांनी दवाखान्यात मोजली. झोपून ७४, दहाव्या मिनिटाला १०६. वाढ ३२. मी कार्डावर लिहीत असताना ती वाकून बघत होती. "३२ म्हणजे ४० च्या खाली. सुटले ना मी?"

"४० एकोणीस वर्षांपर्यंत. तू आता एकवीसची. तुला ३०."

"म्हणजे वय वाढलं म्हणून पॉट्स?"

"दोन ठोक्यांनी," मी म्हटलं. तिने पट्टा बांधला, बाटलीतलं पाणी संपवलं आणि जिना उतरायच्या आधी, शिकवलं होतं तसं, वरच्या पायरीवर उभी राहून दोन्ही पोटऱ्या आवळून घेतल्या.